गुडघा बदलला, पण वाकेना: एक प्रकरण अभ्यास

एक्स-रेमध्ये बदललेला गुडघा अगदी देखणा दिसत होता. सांधा जागच्या जागी, पायाची रेघ सरळ, सिमेंटचा थर एकसारखा. शस्त्रक्रियेला ३८ दिवस झाले होते. काकू वॉकर धरून माझ्या खोलीत आल्या, खुर्चीत बसताना उजवा पाय पुढे तसाच लांबवून ठेवला आणि म्हणाल्या, "बघा बाई, तुमचा नवा गुडघा. जुना बरा हुता." गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावला. जास्तीत जास्त वाकणं ५८ अंश, आणि पूर्ण सरळ व्हायला १८ अंश कमी. शस्त्रक्रियेआधी हाच गुडघा, दुखत का होईना, १०० अंशांपर्यंत वाकत होता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगली जिल्ह्यात काम करते. या प्रकरणात शस्त्रक्रिया चुकली नाही, जंतुसंसर्ग झाला नाही, रुग्णानेही हट्टीपणा केला नाही. तरी पाय अडला. तो का अडला हे कळायला मला एका घरात जाऊन एक उशी बघावी लागली. ओळख पटू नये म्हणून नातीगोती आणि काही तपशील बदलले आहेत. मोजमापं नोंदवहीत आहेत तशीच दिली आहेत.

पार्श्वभूमी

काकूंचं वय ६४. उसाचं गाव, आमच्यापासून २२ किलोमीटर. घरात काका, धाकटा मुलगा, त्याची बायको, शाळेत जाणारा नातू आणि दोन म्हशी. थोरला मुलगा चाकणला कंपनीत. मधुमेह ११ वर्षं, रक्तदाबाची गोळी चालू. दोन्ही गुडघ्यांची झीज शेवटच्या टप्प्यातली, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले, उजवा जास्त.

सप्टेंबरच्या शेवटी त्या पहिल्यांदा आल्या. काय करता यायला हवं, असं मी प्रत्येकाला विचारते. बहुतेक जण "चालता आलं पाहिजे" म्हणतात. काकूंनी नेमकं सांगितलं: एसटीची पहिली पायरी. लेक तासगावकडे दिलेली, गाडी थेट जाते, पण पहिली पायरी उंच. मागून कुणीतरी ढकलल्याशिवाय चढता येत नव्हतं, आणि परक्या माणसाने हात लावायची लाज वाटून दोन वर्षं त्या लेकीकडे गेल्याच नव्हत्या.

आमच्याकडे लोक "वाटी बदलली" म्हणतात. खरं तर वाटी बहुतेकदा तिथेच असते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक तासून त्यावर धातूची टोपी आणि मधे प्लास्टिकचा थर बसवतात. शब्दाने फारसं बिघडत नाही, पण मोटारीचा पार्ट बदलावा तसा तो ऐकू येतो. पार्ट बदलला की गाडी चालू. भोवतालचे स्नायू, शिरा, आतलं आवरण जुनंच असतं आणि त्यांना नव्याने काम शिकावं लागतं, हे त्या शब्दात कुठे बसत नाही.

पहिला निर्णय: दिवाळी की डिसेंबर

घरच्यांनी दिवाळी धरली होती. थोरल्याला तेव्हा १० दिवस सुट्टी, धाकट्याचा ऊस अजून तोडीला आलेला नाही, लेकही माहेरी येणार. माणसं घरात असताना काम उरकावं, हा हिशेब अगदी शहाणपणाचा होता.

अडचण निघाली ती बोलता बोलता. गौरी-गणपतीत उभं राहता यावं म्हणून काकूंनी जवळच्या एका डॉक्टरांकडून उजव्या गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं होतं. असं इंजेक्शन घेतल्यावर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. त्यात तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.६. हिमोग्लोबिन ९.९. सर्जननी दिवाळीला स्पष्ट नकार दिला आणि डिसेंबरचा मध्य ठरवला.

दुसरा प्रश्न होता दोन्ही गुडघे एकदम करायचे का. थोरल्याचं म्हणणं, "एकदाच काय ते होऊन जाऊ दे." एकदम केले तर भूल एकदा, खर्च थोडा कमी, घरच्यांची धावपळ एकदाच. पण मधुमेह, रक्तदाब आणि कमी हिमोग्लोबिन असलेल्या माणसाच्या हृदयावर त्याचा ताण जास्त पडतो, आणि आधाराला एकही धड पाय उरत नाही. आधी उजवा, मग जमलं तर डावा, असं ठरलं.

वैद्यकीय दृष्टीने दोन्ही निर्णय बरोबर होते, आजही मला तसंच वाटतं. पण दिवाळीचा डिसेंबर झाल्यावर घरी काय बदलणार, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. थोरल्याला डिसेंबरात मिळाली फक्त सहा दिवसांची रजा. कारखान्याची तोड नेमकी तेव्हाच आली, त्यामुळे धाकटा पहाटेपासून रानात. लेक येऊ शकली नाही. उरली एकटी सून. तारीख आम्ही रक्त बघून पुढे ढकलली आणि त्याच वेळी घर रिकामं करून ठेवलं.

शस्त्रक्रियेआधीचे ११ आठवडे

मिळालेला वेळ वाया गेला नाही. औषधं बदलून आणि रात्रीचा भात कमी करून एचबीए१सी ७.४ वर आलं. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन ११.६. एक किडलेली दाढ काढली, लघवीची तपासणी झाली, पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांवर उपचार झाले. तोंडातला किंवा कातडीवरचा जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसू शकतो, म्हणून ही किरकोळ वाटणारी कामं आधी उरकायची असतात.

व्यायाम पाच शिकवले: मांडीचा पुढचा स्नायू आवळून धरणं, पाय सरळ उचलणं, टाच घासत मागे घेणं, घोटा वरखाली करणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं. शिवाय वॉकर कसा धरायचा. मांडीच्या स्नायूवर भर द्यायचं कारण असं की, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. आधी गाठीशी जितकं असेल तितकं उरतं. आधी केलेल्या व्यायामाने वर्षभरानंतरच्या निकालात फार मोठा फरक पडतो असा दावा मी करणार नाही. पहिले काही आठवडे सोपे जातात, एवढं नक्की.

समुपदेशनाला काकू आणि थोरला मुलगा आले. मी तासभर बोलले. घरातल्या भारतीय शौचालयावर ठेवायची खुर्ची, पलंगाची उंची, पायपुसणी उचलून ठेवणं, गोळ्यांच्या वेळा, सगळं. मुलाने मोबाइलमध्ये टिपून घेतलं, हुशारीचे चार प्रश्न विचारले, पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. मी मनात म्हटलं, घरचे समजूतदार आहेत. हा मुलगा शस्त्रक्रियेनंतर घरी किती दिवस असणार, हे मी विचारलं नाही.

पैशांचंही सांगायला हवं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या औषध दर प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याला तेव्हा करांशिवाय ५४,७२० रुपये ठरले होते. त्यामुळे सांध्याचा खर्च निदान कागदावर दिसतो. काकूंच्या अंदाजपत्रकात सांधा, भूल, खोली, औषधं, सगळं होतं. घरी होणाऱ्या फिजिओथेरपीची ओळच नव्हती.

रुग्णालयातले चार दिवस

इथे विशेष काही घडलं नाही. मंगळवारी शस्त्रक्रिया, कमरेखालच्या भुलीत. बुधवारी सकाळी काकू वॉकर धरून उभ्या राहिल्या, संध्याकाळी खोलीच्या दारापर्यंत गेल्या. गुरुवार निघाला मार्गशीर्षातला. काकूंनी गुपचूप उपवास धरला आणि दुपारी घाम फुटून साखर ६८ वर आली, तेव्हा आम्हाला कळलं. नर्सने साखरेचं पाणी पाजलं आणि काकूंनी देवीची माफी मागितली.

शनिवारी घरी सोडताना गुडघा ७५ अंश वाकत होता, सरळ व्हायला ५ अंश कमी. चौथ्या दिवसाला हे उत्तम. ठरलं असं: आठवड्यातून तीनदा, तीन आठवडे मी घरी जायचं, फेरीला ५०० रुपये. दोन आठवड्यांत ९० अंश, सहा आठवड्यांत ११० च्या जवळ.

घरी काय झालं

पहिल्या आठवड्यात मी तीनदा गेले. तिन्ही वेळा थोरला मुलगा शेजारी बसून बघत होता. सून चहा ठेवून गोठ्याकडे जायची. तिसऱ्या फेरीला वाकणं ८० अंश होतं. मग मुलाची रजा संपली आणि चाकणहून फोन आला: टाके निघेपर्यंत तुम्ही नका येऊ, आई फार कण्हते, घरचे घाबरलेत, मी बायकांना व्हिडिओ पाठवलाय, त्या करून घेतील. मी "रोज पाच वेळा मात्र झालंच पाहिजे" असं बजावलं आणि ऐकून घेतलं. तेव्हा मी गाडी काढून जायला हवं होतं.

चौदाव्या दिवशी टाके काढायला आणलं. बाह्यरुग्ण विभागात गर्दी, मी त्या दिवशी रजेवर. जखम कोरडी, टाके निघाले, "छान आहे, व्यायाम चालू ठेवा." वाकणं कुणी मोजलं नाही. पोटरीला थोडी सूज दिसली म्हणून डॉप्लर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, करून घेतलं, गुठळी नव्हती, सगळ्यांना हायसं वाटलं. पोटरीकडे लक्ष गेलं आणि गुडघा राहिला.

त्यानंतर संक्रांत आली. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई काही ना काही सांगून गेली. टाके आतून तुटतात. नवी वाटी सरकते. डाळ वातूळ, दही आंबट, दोन्ही बंद. दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंड जातं. काकू आजारी माणसासारख्या भाताची पेज आणि दूध-भाकरी खात राहिल्या, आणि वेदनेची गोळी दिवसातून तीनदाऐवजी फक्त रात्री, तीही फार दुखलं तर.

३८व्या दिवशी

आधी सर्जननी धोक्याच्या गोष्टी तपासल्या. ताप नाही, जखमेतून स्राव नाही. रक्तातलं सीआरपी, म्हणजे सूज किंवा जंतुसंसर्ग असला की वाढणारा घटक, या काळापर्यंत खाली यायला हवं. ते आलं होतं. एक्स-रेमध्ये सांधा नीट. म्हणजे आत पू नाही, सांधा हललेला नाही. आतल्या आवरणात व्रणासारखे पट्टे धरून गुडघा आखडला होता.

अंशांचा अर्थ घरच्यांना सांगावा लागतो, नाहीतर तो नुसता आकडा. सपाट जमिनीवर चालताना पाय पुढे टाकायला गुडघा साधारण ६५ ते ७० अंश वाकावा लागतो. जिना चढायला ८५ च्या आसपास. खुर्चीतून सहज उठायला ९५ च्या आसपास. काकूंकडे ५८ होते. आणि सरळ न होणं हे न वाकण्याहून वाईट: पाय सतत अर्धवट वाकलेला राहिला की उभं राहतानाही मांडीला कामाला जुंपलेलं राहावं लागतं, दुसऱ्या पायावर भार येतो, आणि काकूंचा दुसरा पाय आधीच झिजलेला.

पर्याय

चौघे बसलो: सर्जन, मी, काका, आणि फोनवर थोरला मुलगा. सून बाहेर बाकावर, काकूंची पिशवी सांभाळत. हे मला नंतर आठवलं.

घरीच व्यायाम वाढवणं हा पहिला पर्याय होता. त्यात पैसे कमी लागणार होते, पण आतापर्यंत तेच चालू आहे असं सगळे समजत होते.

दुसरा, भूल देऊन गुडघा वाकवणं. भुलीत स्नायू सैल पडतात, सर्जन हळूहळू दाब देऊन आतले पट्टे तोडतात, चिरफाड नाही. पहिल्या १२ आठवड्यांत केलं तर फायदा जास्त, नंतर पट्टे पिकतात. धोके आहेत: मांडीचं हाड मोडू शकतं, वाटीखालची शीर (वाटीला नडगीशी जोडणारी दोरी, रक्ताची नव्हे) तुटू शकते, आत रक्त साठू शकतं. आणि त्याने वाकणं सुधारतं तितकं सरळ होणं सुधारत नाही.

तिसरा, दोन आठवडे रोज देखरेखीखाली व्यायाम आणि मग पुन्हा मोजणी. चौथा पर्याय, उघडून किंवा दुर्बिणीतून पट्टे कापणं, इतक्या लवकर कुणीच धरला नाही.

सर्जन दुसऱ्याच्या बाजूचे होते. उशीर का करायचा? मी तिसरा मागितला. माझी कारणं दोन. सरळ न होणारे १८ अंश भुलीत सुटणार नव्हते, ते व्यायामानेच मिळवावे लागणार होते. आणि ८० वरून ५८ वर गुडघा आला कसा, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ज्या कारणाने तो एकदा आखडला ते कारण घरात तसंच असेल, तर भुलीत मिळवलेलं महिन्यात पुन्हा जाईल. सर्जन म्हणाले, "दोन आठवडे. ८५ आलं नाही तर भूल." तसं लिहून ठेवलं.

घरची फेरी

रविवारी सकाळी न कळवता गेले. काकू सोप्यात लोखंडी खाटेवर. उजव्या गुडघ्याखाली उशी. सावरीच्या कापसाची, जुन्या लुगड्याची खोळ, आणि मधोमध मांडी-पोटरीच्या आकाराचा खळगा. इतका खोल खळगा दोन-चार दिवसांत पडत नाही.

उशी मावशींनी आणली होती. काकूंची धाकटी बहीण, मदतीला म्हणून महिनाभर येऊन राहिलेली. ती रोज पायाला तेल लावायची, अंग पुसायची, रात्री दोनदा उठून उशी सारखी करायची. "दुखणाऱ्या जागेला आराम द्यायचा, एवढं बी कळत न्हाई का?" असं तिने मलाच विचारलं. तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. सुजलेल्या गुडघ्यात पाणी भरलेलं असतं, आणि ३० अंशांच्या आसपास वाकवून ठेवला की आतला दाब सगळ्यात कमी होतो. म्हणून तिथे बरं वाटतं. पण दिवसातले अठरा-वीस तास गुडघा त्याच कोनात राहिला तर व्रणही त्याच मापाने धरतो. उशी टाचेखाली ठेवायची असते, गुडघ्याखाली नाही. पत्रकात हे होतं. पत्रक चाकणला होतं.

सून म्हशीचं आवरून पदराला हात पुसत आली. मी तिच्याशी पहिल्यांदाच नीट बोलले.

"मॅडम, मला कोण काय सांगितलंच न्हाई. मोठ्या भावजींनी व्हिडिओ पाठवला हुता. त्यातली बाई पलंगावर पडून पाय नुसती वर-खाली करत हुती. आत्तींचा कापलेला पाय मी कसा दाबू? त्या वरडल्या की मावशी म्हणायच्या, सोड. मी सोडायची."

सुनेने सासूच्या पायाला जोर लावायचा, सासूने ओरडायचं, मावशीने बघायचं आणि शेजारणीने ऐकायचं. दुपारी गावभर काय बोललं जाईल हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पत्रकात लिहिलेलं "रोज पाच वेळा" कुणी करून घ्यायचं, तर हिने.

दोन आठवडे

त्याच दिवशी सोप्यातच तिला शिकवायला बसले. मावशींनाही बसवलं, मुद्दाम. काकूंच्या टाचेखाली पाट, पाटावर घडी घातलेली चादर, गुडघा अधांतरी. मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, एक किलो मिठाची पिशवी. दहा मिनिटं. याने गुडघा स्वतःच्या वजनाने सरळ होत जातो, कुणी दाबायची गरज नाही. म्हणजे सुनेवर आळ नाही. हे काम मावशींना दिलं: दिवसातून पाच वेळा पिशवी ठेवायची आणि घड्याळ बघायचं. उशी सांभाळणाऱ्या माणसाला पिशवी सांभाळायला दिली की भांडण राहत नाही.

वाकवण्यासाठी खुर्ची. घरात शहाबादी फरशी, गुळगुळीत. पायाखाली खताची रिकामी पिशवी घातली की पाऊल सरकतं. काकूंनी स्वतः पाय जितका जाईल तितका मागे घ्यायचा आणि मग डाव्या पायाने पुढून हलका रेटा द्यायचा, दहा आकडे धरायचं. टाच जिथे पोचली तिथे सुनेने फरशीवर खडूची रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी ती ओलांडायची. ही युक्ती माझी नाही, नातवाची. मी गोनिओमीटर समजावत बसले होते, तो दप्तरातून खडू घेऊन आला.

वेदनेचा प्रश्न राहिला. सर्जननी मूत्रपिंडाचा ताजा अहवाल काकांच्या हातात दिला, क्रिएटिनिन नॉर्मल असल्याचं बोट ठेवून दाखवलं आणि मूत्रपिंडावर भार न टाकणारी साधी पॅरासिटामॉलची गोळी वेळच्या वेळी द्यायला सांगितली. तीन गोळ्यांच्या वेळा व्यायामाच्या पाऊण तास आधी बसवल्या. व्यायाम झाल्यावर ओल्या टॉवेलात बर्फ, १५ मिनिटं. डाळ, अंडी, मटकी परत ताटात आली. दही मात्र आलं नाही, त्यावर मी वेळ घालवला नाही. तेल चोळणं जखमेपासून दूर, पोटरी-पावलापुरतं चालू ठेवू दिलं.

मी एक दिवसाआड जायची. पहिल्या चार दिवसांत रेघा दोन बोटं सरकल्या. मग तीन दिवस जागच्या जागी. काकू रडल्या. दहाव्या दिवशी एकदम चार बोटं.

चौदाव्या दिवशी मोजलं: वाकणं ७६. सरळ व्हायला ७ अंश कमी.

दुसरा मोठा निर्णय

ठरलेलं ८५ आलं नव्हतं. पण १८ अंश वाढले होते आणि सरळ होण्यात ११ अंश मिळाले होते. आता काय? मला अजून दोन आठवडे मागायचा मोह झाला, हे कबूल करते. रेघा सरकताना दिसत असल्या की थांबवत नाही. पण शेवटच्या चार दिवसांतली वाढ फक्त दोन अंशांची होती, आणि शेवटाकडे दाबताना हाताला लागणारा अडथळा चामड्याचा नव्हे तर दोरीचा वाटत होता. शिवाय १२ आठवड्यांची मुदत जवळ येत होती. मी सर्जनना फोन करून म्हटलं, करू या.

आठव्या आठवड्यात, कमरेखालच्या भुलीत, गुडघा ११५ अंशांपर्यंत गेला. पट्टे सुटतानाचा आवाज ओला कपडा फाडल्यासारखा येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो विसरता येत नाही. नस बधिर करून ठेवली होती, त्यामुळे भूल उतरण्याआधीच वाकवणं सुरू केलं. या वेळी खोलीत थांबायला सून होती. दुसऱ्या दिवशी ९२. घरी जाताना तिने नर्सकडून खडूऐवजी मार्करपेन मागून घेतला.

परिणाम

तीन महिन्यांनी वाकणं १००. सहा महिन्यांनी १०५, सरळ व्हायला ३ अंश कमी. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत बसायला शस्त्रक्रियेआधी २१ सेकंद लागत होते, आता १२. आधी धरलेल्या ११० ला आम्ही पोचलो नाही. काकूंना खाली बसता येत नाही आणि ते त्यांना लागतं; पंगतीत खुर्ची मागावी लागते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढी जागा बधिर आहे. ती बहुतेकांना राहते, तिथली बारीक नस चीर घेताना तुटते. हे आधी सांगायचं मी विसरले होते, त्यामुळे महिनाभर त्या "आत काहीतरी राहिलंय" म्हणत होत्या.

एसटीची पहिली पायरी त्या चढतात. डाव्या हाताने दांडा, आधी डावा पाय, मग उजवा ओढून. ज्येष्ठात लेकीकडे जाऊन आल्या.

वेगळं काय करता आलं असतं

दोन आठवडे थांबणं बरोबर होतं का, यावर सर्जनचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांच्या मते सहाव्या आठवड्यातच भुलीत वाकवला असता तर कदाचित ११० मिळाले असते. शक्य आहे. माझं म्हणणं, सहाव्या आठवड्यात वाकवला असता तर तो पाय परत त्याच उशीवर गेला असता. दोन्ही गोष्टी एकाच गुडघ्यावर करून बघता येत नाहीत, म्हणून हा वाद मिटणारा नाही.

टाके काढायच्या दिवशी वाकणं मोजलं गेलं नाही, हे मात्र वादाचं नाही. तेव्हा बहुधा ७० च्या आसपास असेल आणि एका आठवड्याच्या मेहनतीत सावरलं असतं. आता तो दिवस माझ्या रजेवर अवलंबून नाही. ड्रेसिंगच्या ट्रॉलीत गोनिओमीटर ठेवला आहे आणि ब्रदरना तो लावता येतो. आकडा केस पेपरवर लिहिल्याशिवाय टाके काढलेल्या रुग्णाला सोडत नाहीत.

फेऱ्या बंद करा असा फोन आला तेव्हा मी पैशांचा अंदाज बांधला आणि गप्प बसले. पैसे हेच कारण होतं का, हे विचारायला हवं होतं. ५०० रुपयांच्या सहा फेऱ्या वाचल्या, ३,००० रुपये, आणि भुलीचा, खोलीचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला. एका फेरीचे पैसे घेऊन आठवड्यातून दोनदा फोनवर सुनेशी बोलले असते तरी चाललं असतं.

पण मी सगळ्यात जास्त घुटमळते ती सप्टेंबरातल्या त्या दिवशी, दिवाळी रद्द झाली तेव्हा. आमच्या तयारीच्या तक्त्यात साखर, हिमोग्लोबिन, दात, लघवी, कातडी, इंजेक्शनची तारीख, सगळ्याला रकाने होते. तारीख बदलली की माणसं बदलतात, याला रकाना नव्हता. आता समुपदेशनाच्या आधी एक प्रश्न विचारते: रात्री दोन वाजता यांना संडासला कोण नेणार? ज्याचं नाव येतं त्याला आत बोलावते. बहुतेक वेळा ते माणूस बाहेर बाकावर पिशवी घेऊन बसलेलं असतं.

डावा गुडघा येत्या दिवाळीत ठरतो आहे. थोरल्याला रजा मिळाली आहे, पण तयारीच्या तक्त्यावर संपर्कासाठी नंबर सुनेचा आहे. गेल्या आठवड्यात तिने फोटो पाठवला: शहाबादी फरशीवर नव्या रेघा, या वेळी डाव्या टाचेच्या, शस्त्रक्रियेला अजून सात आठवडे असताना. पहिल्या रेघेशेजारी नातवाने तारीख घातली आहे, आणि कोपऱ्यात मावशींची मिठाची पिशवी दिसते.